काउंटरवरचा चेहरा

सकाळी सहाला पहिली पोळी तव्यावर पडते. अकराला बघावं तर चवड कंबरेला लागलेली. कोणती कधी लाटली, कुणाला आठवतंय! आमच्या कॅन्टीनमधले किस्सेही असेच साठलेत. खराडीतल्या एका आयटी ऑफिसचं हे कॅन्टीन. जुन्या आम्ही तिघी. मी शोभा, भवानी पेठेतल्या नसीम आपा आणि यवतमाळहून आलेली मंदा. तिघींचं वय मिळून दीडशेच्या पुढे जातं, पण ते बोलायचं नाही. कारण तिघीही डाय लावायचो!

*

काउंटरवर वाढायचं काम माझं. एकदा एक पोरगी ताट पुढे करून म्हणाली, "आजी, एक्स्ट्रा पोळी मिळेल?"

मी म्हटलं, "आजीकडे एक्स्ट्रा मिळत नाही. ताईकडे मिळते."

दुसऱ्या दिवसापासून अख्खी रांग मला ताई म्हणायला लागली.

*

महिन्यातल्या एका रविवारी तिघी माझ्या घरी जमायचो आणि एकमेकींच्या डोक्याला काळं फासायचो. दिवाळीच्या तोंडावर नवीनच डाय आणला. सोमवारी माझ्या तोंडाचा भोपळा! डोळे कुठे, नाक कुठे, पत्ता नाही.

आमच्याकडे हजेरीला मशीनसमोर चेहरा धरावा लागतो, तोही टोपी काढून, तरच दार उघडतं. मशीन म्हणालं, "चेहरा ओळखता आला नाही."

नसीम आपा म्हणाल्या, "त्याचं काय चुकलं? मी पण आवाजावरूनच ओळखलं!"

डॉक्टरांनी डाय बंद केला. दोन महिन्यांत डोकं कापसाचं बोंड.

*

मग आमचे सुपरवायझर साहेब बोलले. वय चौतीस, डोक्यावर मोजून चार केस, म्हणून दिवसभर कॅन्टीनची टोपी काढत नाहीत. म्हणाले, "मावशी, काउंटरवर फ्रेश फेस पाहिजे. एक तारखेपासून तुम्ही आत भांड्यांवर."

अकरा वर्षं मी त्या काउंटरवर उभी आहे. गुडघे कुरकुरतात, पण समोर भुकेली पोरं आली की बरं वाटतं. आत गेलं की दिवसभर भिंतीकडे तोंड. घरी जाऊन रडले, खोटं कशाला सांगू!

नसीम आपांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "रडतेस कशाला? केस पांढरे व्हायला आधी जगावं लागतं. तुझ्या बहिणीला मिळाला का एक तरी पांढरा केस?"

माझी बहीण छत्तीसची असताना गेली. काळेभोर केस होते तिचे. आपा बोलल्या त्या दिवसापासून आरशासमोर उभी राहिले की आधी देवाला हात जोडते, मग भांग पाडते.

*

पांढऱ्या केसांनी पहिल्यांदा काय दिलं, तर बसमध्ये सीट! एक पोरगा झटकन उठला, "बसा ना." मंदा माझ्याच वयाची, पण डोकं काळं. हडपसरपर्यंत लोंबकळत आली.

दुसऱ्या दिवशी बाई कॅन्टीनमधून निघताना केसांत गव्हाचं पीठ घालून आल्या. सीट मिळाली. टेकून बसल्या. शेजारची मुलगी म्हणाली, "काकू, तुमच्या केसांत पीठ पडलंय."

मंदा म्हणाली, "राहू दे वो बाई. उतरल्यावर झटकतो!"

*

नसीम आपांची कवळी नवीन. पण मसाला चाखताना त्या ती काढतात. म्हणतात, "दात लावले की चव कळत नाही." आमच्याकडे रोजच्या प्रत्येक पदार्थाची एक वाटी सॅम्पल म्हणून फ्रीजमध्ये ठेवतात. आपांनी घाईत कवळी अशाच एका झाकणाच्या वाटीत ठेवली. कुणीतरी तिच्यावर "रायता" अशी चिठ्ठी चिकटवली.

तपासणीला पाहुणे आले. साहेबांनी ऐटीत झाकण उघडलं. आतून बत्तीशी हसली!

आपा पुढे झाल्या, वाटी उचलली आणि म्हणाल्या, "माफ करा साहेब, हे सॅम्पल माझं आहे."

*

आणि मग एक तारीख उजाडली. तिघी मशीनजवळ पोचलो, तर साहेब आमच्या आधी हजर. टोपी नाही. डोक्यावर दाट काळं जंगल, पार भुवयांपर्यंत!

मंदा म्हणाली, "बाप्पा!" मी तिला चिमटा काढला.

साहेबांनी मशीनसमोर चेहरा धरला. "चेहरा ओळखता आला नाही." पुन्हा धरला. पुन्हा तेच. दार उघडेना. जिन्यावरून रात्रपाळी सुटलेल्या पोरापोरींचा आवाज जवळ यायला लागला. साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. तसं तोंड मी महिनाभर माझ्याच आरशात बघितलं होतं.

मी म्हटलं, "ॲप्रन पसरा गं! आणि एकीनेही मागे वळायचं नाही."

तिघी साहेबांकडे पाठ करून, ॲप्रन पंखासारखे धरून उभ्या राहिलो. मागून टर्रकन काहीतरी सुटल्याचा आवाज आला. मग मशीन म्हणालं, "थँक यू."

नसीम आपा भिंतीकडे बघत म्हणाल्या, "सावकाश बसवा साहेब. आम्हाला घाई नाही."

आत गेल्यावर साहेबांनी खिशातून ड्यूटीची यादी काढली. मग पेनाने एक नाव खोडलं.

"मावशी, काउंटरवर..."

"कोण?"

"तुम्हीच."

दुपारी शटर वर केलं. रांगेत पहिलीच ती एक्स्ट्रा पोळीवाली पोरगी, बऱ्याच महिन्यांनी ऑफिसला आलेली. माझ्या केसांकडे बघून चाचरली. "ताई... म्हणजे... एक्स्ट्रा पोळी मिळेल?"

मी म्हटलं, "आजी म्हण!" आणि तीन वाढल्या.