मॅटवर सापडलेला दात

गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी, कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागातल्या एका सभागृहात, हौशी ग्रॅपलिंग स्पर्धेतली महिलांची चाळिशीपुढची लढत थांबवण्यात आली. पंचांनी कारणं दोन दिली : रक्तस्राव आणि तुटलेला दात. रक्त सांडलेलं नव्हतं. दात तुटलेला नव्हता. लढणाऱ्या दोघींपैकी एक माझी पत्नी माधवी होती. लढत थांबली त्याला जबाबदार मी होतो.

ग्रॅपलिंग म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. यात ठोसा नाही, लाथ नाही. समोरच्याला खाली घ्यायचं, पकडीत अडकवायचं आणि त्याचं कोपर किंवा खांदा अशा कोनात आणायचा की त्याने तळहाताने थापटून ‘पुरे’ म्हणावं. थाप पडली की पकड त्याच क्षणी सुटलीच पाहिजे. बाकीची सगळी नियमावली या एका थापेभोवती उभी आहे. मी एका वृत्तसंस्थेत इतरांच्या बातम्या तपासतो. नियमावल्या वाचणं आणि त्यातल्या पळवाटा शोधणं हा माझा रोजचा धंदा. या नियमावलीत पळवाट सापडली नाही. एक माणूस दुसऱ्याचं कोपर मोडायच्या बेतात आणतो आणि एका हलक्या थापेवर सोडून देतो; सोडणार याची दोघांनाही खात्री असते! वाचता वाचता मी समोरचा चहा तसाच निवू दिला, तेव्हा माधवीने विचारलं, “अरविंद, पित्त झालंय का?”

माधवी बँकेत अधिकारी आहे. पुण्याहून बदली होऊन आम्ही डमडमला आलो, आणि पाठदुखीवर व्यायाम म्हणून तिने हा वर्ग लावला. पाठ दुखायची थांबली. वर्ग थांबला नाही. आदल्या वर्षी तिने स्पर्धेत नाव दिलं आणि तिला सुवर्णपदकही मिळालं. पण त्या गटात तिचं एकटीचंच नाव होतं. तिला बोलावलं, पंचांनी तिचा हात वर केला, टाळ्या झाल्या, पदक गळ्यात पडलं. लढत नाहीच! ते पदक तिने स्वयंपाकघरातल्या खणात टाकलं, किसणीच्या खाली.

“लग्नात नवरा न येता वरात परत आल्यासारखं वाटलं,” ती म्हणाली. (मी माझ्या लग्नाला वेळेवर पोचलो होतो, याची इथे नोंद करतो.)

या वर्षी मात्र गटात दुसरं नाव आलं. मिताली सेनगुप्ता, कोलकात्याजवळच्या बजबज गावातल्या एका शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई. तिकडे माधवीची नागपूरला बदली झाल्याचं पत्रही आलं होतं. म्हणजे लढली तर हीच लढत. घरात दुसरा विषय उरला नाही.

सरावासाठी समोर कुणीतरी हवं म्हणून सोफा भिंतीला लावून मला सतरंजीवर घेण्यात आलं. पहिल्या दिवशी तिने माझं मनगट धरलं आणि मी थापटलं.

“अरे, मी अजून काही केलंच नाही!”

“नियमात लिहिलंय, स्पर्धक केव्हाही थापटू शकतो.”

“निदान पकडू तरी दे!”

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे घोषबाबू वर आले. दार उघडंच होतं. मी पालथा होतो, माधवी माझ्या पाठीवर बसली होती आणि मी जमीन बडवत होतो. घोषबाबूंनी चप्पल न काढताच हात जोडले. “बौदी, छोड़ दीजिए! दादा भालो मानुष!” म्हणजे वहिनी, सोडा त्यांना, भला माणूस आहे. त्या दिवसापासून ते मला लिफ्टमध्ये भेटले, की माझा खांदा थोपटतात.

स्पर्धेच्या आठवड्यात सांगलीहून आई आली. सुनेला ती अडवणार, अशी माझी अटकळ होती. (चुकीची निघाली. माझ्या घरातल्या व्यक्तींबाबतच्या बहुतेक अटकळी चुकीच्या निघतात.) आई म्हणाली, “आमच्या माहेरच्या गल्लीत तालीम होती. बायकांना तिच्या दारात थांबूसुद्धा देत नसत. आतून नुसते आवाज यायचे. आता माझी सून आत जाणार म्हणतोस? मग मी दारात उभी राहून तिला ओवाळणार!”

सामानाची तपासणी माझ्याकडे होती. नखं कापली. बांगड्या, कानातलं, जोडवी काढली. मंगळसूत्र काढून माझ्या खिशात ठेवलं. अंगाला तेल, मलम किंवा कुठलाही निसरडा पदार्थ नको, हे कलम मी दोघींना मोठ्याने वाचून दाखवलं. सभागृहात वजन झालं, तपासनीस बाईंनी नखं, केस आणि त्वचा पाहिली आणि माधवी पास झाली. माझी छाती फुगली. जणू वजन माझंच झालं होतं.

मग मॅटकडे जायच्या बोळात आईने पिशवीतून तबक काढलं. निरांजन पेटवायला सुरक्षारक्षकाने मनाई केली. आई म्हणाली, “अरू, मोबाईलचा दिवा लाव.” मी लावला आणि तबकात उभा धरला. आईने मोबाईलने सुनेला ओवाळलं. आणि कुंकवाचा करंडा उघडला.

“अहो आई, हे चालेल का?” माधवीने माझ्याकडे बघत विचारलं.

आता दोघीही माझ्याकडे बघत होत्या. मी नियमावली मनातल्या मनात वरपासून खालपर्यंत तपासली आणि निर्णय दिला : “कुंकवाचा उल्लेख नाही. लाव.”

निर्णय देताना एक चौकशी मी केली नाही. अक्षता नीट चिकटून राहाव्यात म्हणून आईने कुंकू खोबरेल तेलात कालवलं होतं. तिने ते माधवीच्या कपाळावर रुपयाएवढं लावलं, वर अक्षता दाबल्या आणि उरलेलं बोट माझ्या कपाळाला पुसलं. माधवीने दातांवर बसवायचं रबरी कवच तोंडात घातलं आणि ती आत गेली.

मिताली सेनगुप्ता माधवीहून उंच होत्या. डोक्याला घट्ट कापडी टोपी, चेहरा शांत. पंच म्हणजे एक सडपातळ तरुण. त्याने दोघींना हात मिळवायला लावला, आणि पुढे जे सुरू झालं त्याचं वर्णन करण्याची माझी तयारी नव्हती. रोज सकाळी डबा भरताना झाकण लागत नाही म्हणून चिडणारी माझी बायको एका उंच बाईच्या कमरेला खांदा लावून तिला अशी खाली घेऊन गेली, की शेजारचे गृहस्थ “बाप रे!” म्हणून उभे राहिले. मीही उभा राहिलो. दोघी गुंतत होत्या, सुटत होत्या, पुन्हा गुंतत होत्या. कुठला हात कुणाचा ते कळत नव्हतं. ही बाई माझ्या घरात राहते, माझ्या हातचा चहा पिते, हे मला तेव्हा खरं वाटेना.

आणि पंच ओरडला, “स्टॉप! कोई नहीं हिलेगा!”

दोघी जिथल्या तिथे गोठल्या. माधवी वर होती, कपाळ मितालीबाईंच्या गालाला टेकलेलं. मितालीबाईंचा अर्धा चेहरा लालभडक होता. माधवीची बाही लाल, मॅटवर लाल ओघळ. पंचाने वाकून त्या लालीतून एक पांढरा, टोकदार तुकडा उचलला आणि उजेडात धरला.

“दात!” तो म्हणाला. “डॉक्टर!”

माधवी तोंडातल्या कवचामुळे नुसतं “ऊं ऊं ऊं” करत होती. पंचाला वाटलं, ती कळवळते आहे. “मत बोलिए दीदी, मत बोलिए!”

डॉक्टर बाई धावत आल्या. पकड न सोडता दोघींची कवचं काढण्यात आली आणि त्यांचे दात मोजायला सुरुवात झाली. “हाँ कोरुन... आरो बड़ो हाँ...” दोघींनी आ वासला. माझ्या मागे आई विचारत होती, “अरू, त्या पोरीला चुकून लागलं का रे? माफी मागायला हवी!” मी त्या पांढऱ्या तुकड्याकडे बघत होतो. आखूड, टोकदार, आंबेमोहोर.

खुलासा करणं माझं कर्तव्य होतं. मी “रक्त नाही! तांदूळ आहे तो, तांदूळ!” असं मराठीत ओरडत (हिंदी त्या क्षणी आठवली नाही) कठड्यावरून उडी मारली. मॅटच्या कडेला पोचताच मला कलम आठवलं : मॅटवर बूट घालून जाण्यास मनाई. नियमाचा मी इतका आदर करतो, की पळता पळताच एका पायावर उभा राहून मी दुसऱ्या पायाची लेस ओढली. गुण लिहिणाऱ्याच्या टेबलाची कड आणि माझी हनुवटी यांची भेट तिथे झाली.

मी उठलो तेव्हा डॉक्टर बाईंनी बोटावरची लाली चोळून पाहिली होती, हुंगली होती. “ए तो सिंदूर! आर नारकेल तेल!” म्हणजे खोबरेल. सभागृहात हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, दुर्गापूजेच्या दशमीला आमच्या बायका एकमेकींना सिंदूर माखतात तशी दिसतेय ही लढत! पंचाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हनुवटीवरून लाल धार शर्टावर येत होती.

“आप भी?” तो वैतागून म्हणाला.

“ये असली है,” मी म्हणालो.

“त्यालाही मीच लावलंय!” आईने कठड्यामागून मदत केली, आणि समजावं म्हणून स्वतःच्या कपाळाकडे बोट दाखवलं. डॉक्टर बाईंनी मला कापसाचा बोळा दिला. “पुछे निन, दादा. अनेक होयेछे.” पुसून घ्या, पुरे झालं.

माझ्या जखमेला वाव नव्हता, कारण मुद्दा गंभीर झाला होता. कुंकू नियमात नव्हतं, पण तेल होतं. पंचाने पुस्तिका उघडली. तेल लावलेला स्पर्धक बाद होऊ शकतो, तो म्हणाला. निर्णय त्याच्या हातात होता. माधवीने पकड न सोडता डोळे मिटून घेतले. म्हणजे पुन्हा न लढता सुवर्णपदक. या वेळी मितालीबाईंच्या गळ्यात!

खालून मितालीबाईंचा आवाज आला. वर्गात मुलं गप्प होत असतील, असा आवाज.

“गेल्या वर्षी तुमच्यासमोर किती जणी होत्या?”

“कुणीच नाही,” माधवी हिंदीत म्हणाली. “तुमच्यासमोर?”

“बजबजच्या स्पर्धेत मी एकटीच. माझं पदक शाळेच्या कपाटात पडलंय.” मग त्यांनी पंचाला हाक मारली. “ओ भाई, माझी टोपी काढ जरा.”

पंचाने टोपी मागे सारली. केसांच्या भांगात ठसठशीत सिंदूर भरलेला होता.

“आमार ओ काटो,” त्या म्हणाल्या. “माझेही गुण काप. दोघींचे सारखे काप. आणि लवकर कर, माझी मान अवघडली आहे.”

पंचाने बराच विचार केला. दोघींना एक एक गुणाचा दंड. कपाळं पुसा, मॅट पुसा, याच स्थितीतून पुढे. दोघींनी आपापलं कवच दातांवर बसवलं. आई नकळत माझा दंड घट्ट धरून उभी होती; तिने तालमीतल्या त्या आवाजांकडे आता पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं होतं.

नंतरचं मी कापसाच्या बोळ्यामागून पाहिलं. मितालीबाई सुटल्या, उलटल्या, वर आल्या. माधवी खालून घसरली, तिने एक पाय त्यांच्या खांद्यावरून टाकला आणि त्यांचा हात छातीशी धरून हळूहळू, अगदी हळूहळू, मागे झुकली. घाई नव्हती. राग नव्हता. सभागृहात पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. मितालीबाईंचा मोकळा तळहात वर उठला आणि माधवीच्या मांडीवर पडला. थाप. हलकी, चहाला बोलावल्यासारखी. त्याच क्षणी हात सुटला. मितालीबाईंनी कोपर हलवून पाहिलं, ते शाबूत होतं, आणि दोघी तिथेच बसून हसायला लागल्या. एवढी ताकद एवढ्या झटकन शांत झालेली मी कुठे पाहिली नव्हती. टाळ्या वाजवायला मी बोळा खाली ठेवला.

“ओ माँ!” डॉक्टर बाई ओरडल्या. “ए तो सोत्ति रक्तो!” हे तर खरं रक्त!

निकाल : माधवी विजयी, पकडीने. मितालीबाईंना रौप्यपदक. आईने त्यांनाही ओवाळलं, कोरड्या कुंकवाने. माझ्या हनुवटीला तीन टाके पडले. स्पर्धेच्या अहवालात जखमी म्हणून एकाच व्यक्तीचं नाव आहे; त्यापुढचे वयोगट, वजनगट आणि प्रतिस्पर्धी हे रकाने रिकामे आहेत.