पित्त न्हाई, सर!

शरणम्माअक्काच्या हातून सुई टोचून घेतली की अर्धा तास सुटका नसे. आमच्या कमलनगर भागातल्या एका लहानशा दवाखान्याच्या ओसरीवर एक बाक होतं, त्यावर ती माणसाला बसवून ठेवी. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन मी एकदा हळूच चपला पायात सरकवल्या, तर आतून आवाज आला, "कुठं जायलाव सर? बसा."

"शाळेला उशीर होतोय."

"शाळा काय पळून जायलीय का?"

भयंकर राग आला, पण बसलो.

अक्का तिथली सिस्टर. घरात कन्नड, बाजारात मराठी, आणि संतापली की दख्खनी. गेल्या वर्षी ती गेली, तेव्हा तिन्ही भाषांत रडणारी माणसं जमली होती. तिच्या खांद्याला कायम एक खाकी पिशवी. तीत डब्यात ठेवलेल्या अ‍ॅड्रिनॅलिनच्या कुप्या आणि सुया. लग्नाला, जत्रेला, माहेरी, कुठंही जाताना पिशवी बरोबर. "अक्का, नवऱ्याला विसरशील, पण हिला न्हाई," असं आम्ही चिडवायचो. ती म्हणायची, "नवरा हाक मारली की येतंय. ही येत न्हाई."

त्या दिवशी बाकावर बसल्याबसल्या मी विचारलं, "एवढी धास्ती कशाची गं?"

"अ‍ॅनाफिलॅक्सिसची. सुई, माशी, कशाचंबी अंगाला वावडं असलं की होतंय."

मी मराठीचा मास्तर. लगेच अर्थ सांगून मोकळा झालो, "म्हणजे अंगावर पित्त उठतं, तेच की."

"पित्त न्हाई, सर!" ती उसळलीच. "नुसत्या कातडीवर गांधी उठल्या तर खुशाल पित्त म्हणा. गांधीसंगं दम लागला, ओकारी झाली, घेरी आली, की ते सगळ्या अंगात पेटलेलं असतंय. मग हातात मिनटंच ऱ्हातेत, तेवढ्यात ह्या पिशवीतली सुई पडाय पाहिजे."

मी मान डोलावली. मान डोलावली की समजलं, असं आम्हा मास्तर लोकांना वाटतं.

पुढं येळवस आली. त्या अमावस्येला आमच्याकडं गावात चिटपाखरू राहत नाही. सगळे शेतात जातात, कडब्याची कोप म्हणजे खोपटी करून पूजा करतात आणि भज्जी-आंबिलीवर ताव मारतात. कडब्याची पेंढी सरकवताना माझ्या बायकोच्या, सुमनच्या मानेला मधमाशी चावली. एकच. बघता बघता अंगभर गांधी आल्या, ओठ सुजले.

"पित्त उठलंय," मी म्हणालो आणि अंथरलेली घोंगडी उचलून तिला गच्च गुंडाळलं. पित्तावर आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलेत.

"गळा आवळायलाय वो," सुमन म्हणाली.

"घोंगडीनं गरम व्हायलंय. दम धर जरा."

मग तिला ओकारी झाली. तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही! उलट वारा लागावा म्हणून मी तिला काखेत धरून उभं केलं, आणि ती माझ्या हातातून निसटून खाली कोसळली.

मी बोंब मारली. शेजारच्या शेतात अक्का जेवत होती. उष्ट्या हातानंच पिशवी घेऊन धावत आली.

"आडवी ऱ्हाऊ द्या! उठवू नगा!" तिनं घोंगडी ओढून भिरकावली, सुमनचे पाय टोपलीवर ठेवायला लावले आणि साडीवरूनच मांडीत सुई मारली. मग मनगट धरून घड्याळाकडं बघत बसली.

"अक्का, जगंल ना गं?"

"गप बसा."

सुमनच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. पाच मिनिटं झाली, तरी थांबेना. अक्कानं दुसरी कुपी फोडली आणि पुन्हा मांडीत सुई मारली.

थोड्या वेळानं ती शिट्टी बारीक झाली. सुमननं डोळे उघडून पाणी मागितलं. "आत्ता न्हाई," अक्का म्हणाली. तिला जीपमध्ये आडवंच घालून आम्ही बीदर गाठलं. वाटभर अक्कानं तिला मान वर करू दिली नाही.

"हे पुन्हा उलटू शकतं, उद्यापर्यंत इथंच ठेवू. पण सुई वेळेवर पडली," असं डॉक्टर म्हणाले, आणि व्हरांड्यात आल्यावर मला रडूच फुटलं.

"अक्का, तू सांगितलं होतंस. तरी घोंगडी मीच पांघरली."

वाटलं, आता दख्खनीतून उद्धार होणार. पण ती हातावर वाळलेली आंबील नखानं खरवडत राहिली.

"मीबी पांघरली होती सर. माझ्या आईला. तिलाबी माशीच चावली होती. दम लागायलाय म्हणाली, तर मी म्हणलं, पित्त हाय, पड उगं. ती पुन्हा उठलीच न्हाई."

"तुला तेव्हा हे माहीत नसेल गं," मी म्हणालो.

"नर्सिंगचं दुसरं वर्ष होतं. परीक्षेत ह्याच्यावरच प्रश्न आलता. सगळं बरोबर लिहून, त्याच्या आदल्या दिवशीच घरी आलते मी."