चाचांची खालची ओळ

माजलगावच्या आमच्या बँडमध्ये मी सॅक्सोफोन वाजवतो आणि गाणीही बसवतो. मोबाईलवर जॅझ ऐकून ऐकून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली: ते लोक गाणं वाद्यासाठी बसवत नाहीत, वाजवणाऱ्या माणसासाठी बसवतात. कुणाचा दम किती, कुणाचं बोट कुठं अडतं, ते आधी बघतात.

आमचे ट्रंपेटवाले चाचा मात्र कुणाचं ऐकणारे नाहीत. अंतरा संपत आला की ते माझ्यावर चढूनच वाजवतात. यावरून आमची कित्येकदा भांडणं झालीत.

यंदा चाचांचे पुढचे दोन दात पडले. दात गेले की ओठाला आधार राहत नाही, वरचा सूर फुटतो. म्हणून जयंतीच्या मिरवणुकीसाठी गाणं बसवताना वरचे सूर मी गुपचूप माझ्याकडं घेतले आणि चाचांना खालची संथ ओळ दिली. जॅझमध्ये असंच असतं, असंही ठोकून दिलं. चाचा नुसतं "बरं" म्हणाले.

मिरवणूक संपल्यावर आम्ही दोघं रसवंतीत बसलो. रसाचा ग्लास खाली ठेवत चाचा म्हणाले, "चांगलं बसवलंस बेटा. माझ्या दातांचं कुणाला कळलं न्हाई."

मी मान खाली घातली.

"लाजतो कावून? अंतऱ्याच्या शेवटी तुजा दम तुटतो, पहिल्यापासून. तितं मी मोठ्यानं वाजवतो, ते काय हौस म्हणून?"