शिंगट्यासाठी शुद्ध पाणी

एका माशाला मी उकळलेल्या, तुरटी फिरवलेल्या पाण्यात घातलं. नातवंडांना हे कधी सांगितलं नाही, कारण मी लहानपणापासून हुशार होते, असं त्यांना वाटतं.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. पांढरकवड्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत प्रदर्शन होतं. शास्त्राच्या बाईंनी काचेची पेटी करवून घेतली होती आणि खुनी नदीवरच्या भोईकाकूंनी तिच्यासाठी वीतभर लांबीचा, मिशांचा शिंगटा मासा घमेल्यात आणून दिला होता. पेटीत भरायचं ते शाळेच्या विहिरीचंच पाणी. काकूंनी बजावलं होतं, "इहिरीचं पानी दोन दिवस उघड्यावर ठेवजो, पोरी. रोज घागरीनं वरून खाली ओतजो. मंगच टाकजो."

ही कामगिरी मी मागून घेतली होती. मॅट्रिकनंतर मला नागपूरला शिकायला पाठवायचं की नाही, हे बाबांनी अजून ठरवलं नव्हतं. तहसील कचेरीतले बाबा प्रदर्शनाला येणार होते, आणि त्यांना दिपवून टाकायचा माझा बेत होता.

दोन दिवस पाणी ठेवलं. त्यात पाचोळा पडला, एक मुंगळा पोहू लागला. असलं पाणी बाबांना दाखवायचं? आमच्याकडे पटकीच्या साथीपासून पाणी उकळून, तुरटी फिरवून, धोतराच्या फडक्यातून गाळल्याशिवाय कुणाच्या ओठाला लागत नसे. मी ते सगळं पाणी बागेत ओतलं आणि आदल्या संध्याकाळी घरी हंडे चढवले. आईने विचारलं, "कोण पाव्हणे येऊन राह्यले?" मी म्हटलं, "आहेत एक."

सकाळी पेटी अशी चकाकली की मीच भाळले. मासा सोडला. तो तळाशी बसेना. वर यायचा, तोंड उघडायचा, काचेवर आपटायचा. मैत्रीण म्हणाली, "नाचून राह्यला वो!" मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग तो कुशीवर कलला.

मी धावत सुटले. चप्पल शाळेच्या पायरीवरच राहिली. काकू नदीवर जाळं झटकत होत्या. माझं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला.

"उकळलं? अवो, त्यातली हवाच गेली ना! काहून, त्याची डाळ शिजवाची होती का?"

नदीच्या दोन घागरी घेऊन आम्ही परत पळालो. काकूंनी अर्धं पाणी काढलं, नदीचं घातलं आणि घागर माझ्या हाती दिली. "ओत. उंचावरून. थांबू नको." मी ओतत राहिले, भरायची, ओतायची, भरायची. हात भरून आले, परकर भिजून निघाला, वेणी सुटली. शिंगट्याचे कल्ले हलतात की नाही, तेवढंच बघत होते.

बाबा नेमके तेव्हाच आले. दारात उभे राहिले. काकूंनी त्यांना न विचारताच सगळं सांगून टाकलं, हंड्यांसकट. कितीतरी वेळाने मासा सरळ झाला आणि तळाशी जाऊन मिशा हलवू लागला. मी खाली मान घालून उभी. नागपूर गेलंच, हे मी धरून चालले होते.

घरी परतताना बाबा म्हणाले, "नागपूरले जा तू. पण सायन्स घेऊ नको बाई, तिथले मासे तरी जगू दे."