गणपतच्या स्कूटरचा डावा गाल

गाड्यांच्या प्लॅस्टिकवरचे ओरखडे काढावेत ते गुरुदासनेच. कुडाळ-मालवण रस्त्याला त्याची पत्र्याची शेड आहे, आणि देवगडचे आंबेवालेसुद्धा गाड्या घेऊन तिथवर येतात. त्याची स्वतःची स्कूटर मात्र जुन्या तव्यासारखी. त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही. वाटलं ते शेजारच्या गणपतने काळी कुळकुळीत नवी स्कूटर आणली तेव्हा.

स्कूटरही एक वेळ सोसली असती. पण एका सकाळी गुरुदासची बायको रुक्मिणी त्या स्कूटरच्या पुढच्या डाव्या गालात बघून केसांत माळलेला अबोलीचा वळेसर नीट करताना दिसली. वर गणपतच्या बायकोला म्हणाली, "सुभद्रा, तुका आरसो कशाक होयो गो!" गुरुदासच्या पोटात जो आगडोंब उसळला, तो दोन वाट्या सोलकढीनेही विझला नाही.

देव मात्र दयाळू. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गणपत तोंड पाडून शेडीत आला.

"गुरुदास, मेल्या, वाचव! सुभद्रान समयेवांगडा गाडीय घासल्यान. सोडण आणि राख!"

"पितळेची वाटली तिका?" गुरुदासने विचारलं. मनात त्याने तोरणं बांधली होती.

नारळाच्या सोडणाने समई उजळते, प्लॅस्टिक मरतं. गुरुदासने पाणी मारत बारीक पॉलिश पेपर फिरवला, मग त्याहून बारीक. मग चकाकी आणणारी पेस्ट आणि मऊ फडकं, तेही हलक्या हाताने. सगळी गाडी लखलखली. फक्त त्या डाव्या गालावर पेपर मारून तो थांबला. पेस्ट लावलीच नाही. तळहाताएवढं धुकं तसंच राहू दिलं. तिन्हीसांजेला गाडी न्यायला आलेल्या गणपतला ते दिसलंही नाही.

दसऱ्याला रवळनाथाच्या देवळासमोर पूजेला गाड्या लागल्या.

"गणपत, कोणी चमकवल्यान रे?" कोणीतरी विचारलं.

"आमच्या गुरुदासान! दुसऱ्याच्या हातात मिया गाडी देवचंय नाय."

गुरुदासची छाती फुगली. तेवढ्यात रुक्मिणी वळेसर बघायला सवयीने वाकली. तोंड दिसेना. बोट फिरवून तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"अवो, हय तुमचो हात फिराक नाय काय?"

चार डोकी वाकली. "होय रे! गुरुदासचा काम आणि अर्धवट?"

"ऱ्हवला आसतला," गणपत मध्ये पडला, "बिचारो घाईत होतो."

गणपतने आपली बाजू घ्यावी, याहून मोठी शिक्षा कुठली? गुरुदासने आपल्या त्या तव्यासारख्या स्कूटरच्या डिकीतून पेस्टची डबी काढली आणि नव्या पांढऱ्या शर्टातच, सगळ्या गावादेखत, उकिडवा बसून घासायला लागला. आधी स्वतःचं आंबलेलं तोंड उमटलं. मग त्यावर अबोली. रुक्मिणीने त्याच्या डोक्यावरून वाकून, सावकाश, वळेसर सारखा केला.

"आता बरा दिसता," ती म्हणाली. मग तव्याकडे बघून विचारलं, "आणि आमची कधी?"