हानाला वास्तू कशी समजावणार?

गेल्या मंगळवारी सकाळी इथे परदेशात, पापाकुराच्या आमच्या घरी हाना नावाच्या एक बाई आल्या, आणि मी स्वतःच्याच भल्याच्या आड आलो... का आलो ते मला अजून नीट कळलेलं नाही. लिहिता लिहिता कळलं तर बघतो.

माझं सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काँट्रॅक्ट संपलं आणि दुसरं मिळेना. माझ्या बायकोच्या, मेघनाच्या, सुपरमार्केटमधल्या पगारात आम्हा दोघांचं आणि लेकीचं खाणंपिणं निघत होतं, पण भाडं थकत गेलं. शेवटी एजंटने घर रिकामं करायची नोटीस दिली.

कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, मदतीने चालणारी एक योजना आहे, असं लायब्ररीत कळलं. अगदीच रस्त्यावर यायची वेळ आलेल्या कुटुंबाचं भाडं काही काळ भरून त्यांचं घर टिकवतात. हाना त्या योजनेच्या. घरी येऊनच बोलू, म्हणाल्या.

माझी आई सध्या पुण्याहून आमच्याकडे आलेली आहे. माझी नोकरी गेल्याचं तिला माहीत होतं, नोटिशीचं नाही. तिला आम्ही सांगितलं होतं की कौन्सिलच्या बाई घर बघायला येणार आहेत, थंडीचं हिटिंगबिटिंग ठीक आहे का ते... 

आणि आमच्या आईचा एक नियम आहे, जो तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी असेल. घरात वाईट बोलायचं नाही, कारण वास्तू तथास्तु म्हणते. निघताना 'जातो' नाही, 'येतो'. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. बांगडीसुद्धा आमच्याकडे फुटत नाही, वाढते. मी कॉलेजात असताना याची भरपूर टिंगल केलेली आहे.

तर हाना आल्या. पन्नाशीच्या, इथल्या मूळच्या माओरी लोकांपैकी, हसऱ्या. 'किआ ओरा', म्हणजे नमस्कार, म्हणत बूट दाराबाहेर काढले, तिथेच आईने त्यांना पास करून टाकलं आणि पोहे टाकायला गेली.

पहिला प्रश्न सरळ होता. हे घर सुटलं तर तुम्ही होमलेस व्हाल का? कुठे जाल? हे मी माझ्या शब्दांत सांगायचं होतं. एक वाक्य, बस!

मी तोंड उघडलं आणि स्वयंपाकघरातून आवाज आला.

"निखिल, ते होमलेस-बिमलेस काय बोलतायत? असले शब्द या घरात नकोत म्हणावं. वास्तू तथास्तु म्हणते."

आता खरं तर मी इंग्रजीत हळूच सांगू शकलो असतो. पण शब्दच येईनात... मी म्हणालो, आमचं होईल काहीतरी, मित्र आहेत, मंडळ आहे, हीप्स ऑफ पीपल. हे माझ्या तोंडून कोण बोलत होतं, देव जाणे.

हाना मग हळूच म्हणाल्या, जायला जागा असेल तर मला ही मदत देता येणार नाही. ती ज्यांना कोणीच नाही त्यांच्यासाठी आहे. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मग मी समजवायला गेलो. म्हटलं, इट्स द हाउस... घर ऐकतं. आणि जे ऐकतं त्याला ओके म्हणतं. त्यांनी विचारलं, लँडलॉर्ड? नाही नाही, घर! कुठलं घर? हेच! इंजिनिअर माणूस मी, आणि हे काय बोलतोय ते माझं मलाच कळेना.

हाना छताकडे बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, ते बाहेरचंही ऐकतं का?

मी आईला विचारलं. तिने झारा हातात धरून थोडा विचार केला. "कुंपणाबाहेर नाही ऐकत. पण असं काय बोलायचंय तुम्हाला?" तिने गॅस बंद केला, माझ्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, पायात सरकवल्या आणि आमच्यामागून निघाली.

कुंपणाबाहेर, रस्त्याकडेच्या ओल्या गवतात आम्ही तिघं उभे राहिलो. शेजारचा माणूस कुत्रा फिरवत चालला होता, त्याने हात केला. मी बोलायला लागलो... आणि थांबताच येईना. नोटीस, थकलेलं भाडं, ज्या ज्या मित्रांना विचारलं त्यांनी गोड बोलून वाजवलेली नकारघंटा. दोन आठवड्यांनी माझ्या लेकीला घेऊन मी कुठे जाणार आहे, मला खरंच माहीत नाही.

बऱ्याच वेळाने लक्षात आलं की मी हे सगळं मराठीत बोलतोय. हानांना एक अक्षर कळत नव्हतं. तरी त्यांनी मधे थांबवलं नाही.

आईला मात्र सगळं कळलं होतं. तिचा चेहरा बघवेना.

"एवढं सगळं झालं आणि मला का नाही सांगितलंस?"

"अगं, घरात कसं सांगणार होतो?"

आई माझ्या दंडाला धरून उभी राहिली. मग म्हणाली, "अरे, मग मला बाहेर आणायचंस."

मी रडलो. सरळ सांगतो, रस्त्यावर उभा राहून रडलो. नंतर डोळे पुसून हानांना सगळं इंग्रजीत सांगितलं, त्यांनी तिथेच उभ्याने लिहून घेतलं. आत आल्यावर गार पोहे खाल्ले आणि दुसऱ्यांदा मागून घेतले.

काल त्यांचा फोन आला. मदत मिळाली, घर राहिलं. नोकरीचं अजून काही नाही, पण आता रोज काय झालं ते आईला सांगतो... आम्ही चक्कर मारायला जातो तेव्हा.

वास्तूचं काय ते मला आजही कळत नाही. आणि एका अनोळखी बाईने माझ्या असल्या बोलण्यावर न हसता बूट परत घालून बाहेर का यावं, तेही कळत नाही. हाना, त्या गडबडीत तुमचे आभार मानायचे राहिले. तुम्हाला हे वाचता येणार नाही, पण त्या दिवशीही माझं मराठी तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत... म्हणून मराठीतच, मनापासून आभार.