वाढत्या अंगाचं जॅकेट

पेंडशांच्या घरात कुठलीही वस्तू आनंदीताईंनी हात लावून पाहिल्याशिवाय विकत घेतली जात नसे. गादी असो, चष्म्याची फ्रेम असो, की पुतणीच्या लग्नातला शालू, "आधी आनंदीला दाखवा" हे ठरलेलं. शाळेच्या ऑफिसातून त्या हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्या, पण हे दुसरं पद त्यांच्याकडून कुणी काढून घेतलं नव्हतं. दुकानदार एक वस्तू पुढे करायला लागला की त्या त्याच्या मागच्या फळीवरची मागत. शिवण उलटी करून बघत, चेन दोनदा वरखाली करत, आणि पसंत नसलं की "बघते" एवढंच म्हणून पायऱ्या उतरत. कोथरूडमधल्या पुष्कळ दुकानदारांना ते "बघते" ओळखीचं होतं.

त्यांच्या मुलानं, केयूरनं, लोणी काळभोरच्या ऋतुजाशी लग्न ठरवलं, तेव्हा त्यांनी विहिणीलाही असंच शिवण उलटी करून पाहिलं होतं. तुळजाबाईंमध्ये बोट ठेवायला जागा सापडली नाही, हा त्यांचा पहिला राग. बाई अंगानं थोराड, आवाजानं मोठी आणि हाताला सढळ. हायवेलगतची जमीन विकून घरात पैसा आला होता, तरी सकाळी गोठ्यात सगळ्यांआधी जायची ती तुळजाबाईच. लोणीहून येताना गाडीची डिकी भरून यायची. भाजी, तूप, शेंगा. आनंदीताई ते सगळं डब्यांत भरताना दर वेळी म्हणायच्या, "एवढं कशाला आणलंत?" आणि दर वेळी त्या खरंच तसं म्हणत असायच्या.

तरी नात आपली आहे, एवढं समाधान होतं. संस्कृतीला शाळेच्या बसपर्यंत सोडायला त्या जायच्या. तिच्या वेण्या, तिचा डबा, तिचे पाढे, सगळं त्यांच्याकडे. संस्कृतीच्या लेखी एक होती आजी आणि दुसरी होती लोणीची आजी. मग ऋतुजाच्या भावानं, मच्छिंद्रनं, धरणाच्या पाण्याकाठी फार्महाउस बांधलं आणि पाठोपाठ एक मोटारबोट आणली. त्या उन्हाळ्यात नावं बदलली. तुळजाबाई झाल्या बोटवाली आजी आणि आनंदीताई झाल्या घरची आजी. घरची म्हणजे रोजच्या पोळीभाजीसारखी.

एकदा रात्री जेवताना ऋतुजा म्हणाली, "आई, या रविवारी तुम्ही आणि बाबाही चला ना बोटीवर. आमची आई सारखी विचारते."

"अंगात काय घालता बोटीत?" आनंदीताईंनी विचारलं.

"आहेत ना लाइफ जॅकेटं. बोटीबरोबर आली होती. जरा टोचतात, पण चालतात. हिचं आईनं वेगळं आणलंय."

"माझं नारिंगी आहे," संस्कृती म्हणाली. "ते मानेला घासायचं. मग बोटवाल्या आजीनं आतून मऊ मऊ कापड लावून दिलं."

आनंदीताईंनी आमटीची वाटी खाली ठेवली. "टोचणारी जॅकेटं काय घालायची? जॅकेटं मी घेईन. सगळ्यांची. आपल्याकडून आहेर समजा."

त्यांचे यजमान अनंतराव पानावरून मान वर न करता म्हणाले, "छान. म्हणजे बुडालो तरी तुझ्या पसंतीनं बुडू."

दुसऱ्या दिवशी संस्कृतीला आणि अनंतरावांना घेऊन त्या गावातल्या एका खेळसामानाच्या दुकानात गेल्या. दुकानदार पोरगेला होता, पण कामाचा होता. मोठ्यांचं माप छातीवर असतं आणि मुलांचं वजनावर, हे त्यानं आधीच सांगितलं. बाकीचं आनंदीताईंनी स्वतः शोधून काढलं. काखेची कड त्यांनी अंगठ्यानं घासून पाहिली. गळ्याशी येणारी शिवण आतून तपासली. संस्कृतीला जॅकेट घालून आधी हात वर करायला लावले, मग स्टुलावर बसवलं, कारण उभ्यानं बरोबर वाटणारं जॅकेट बसल्यावर हनुवटीला ढोसतं. कमरेचा पट्टा काचत नाही ना, ते विचारलं. निळं, मऊ गळ्याचं एक जॅकेट तिला असं बसलं की तिनं ते काढूच दिलं नाही.

"आजी, हे मस्त आहे. यात झोपता पण येईल."

दुकानदारानं दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांना धरून जॅकेट वर उचललं. जॅकेटाबरोबर संस्कृतीच्या टाचाही उचलल्या गेल्या. "हे बघा काकू. मूल बरोबर वर आलं पाहिजे. नुसतं जॅकेट वर आलं, तर ते मोठं होतंय."

आनंदीताईंनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "याच्या पुढचं माप दाखवा."

"काकू, यात वाढतं अंग धरायचं नसतं."

"आमच्याकडे धरतात."

ते खोटं नव्हतं. केयूरच्या शाळेच्या चड्ड्या कायम गुडघ्याखाली असायच्या आणि स्वेटरच्या बाह्या दुमडलेल्या. पण आत्ता आनंदीताईंच्या मनात चड्ड्या नव्हत्या. हे बेताचं जॅकेट पुढच्या उन्हाळ्यात आखूड होणार. मग कोण नवं आणणार, ते त्यांना दिसत होतं. पुढचं माप घेतलं तर संस्कृती जेव्हा जेव्हा त्या बोटीत बसेल, तेव्हा तेव्हा तिच्या अंगावर घरच्या आजीचं जॅकेट असेल. अजून काही वर्षं तरी.

मोठं जॅकेट घालून त्यांनी सगळे पट्टे शेवटपर्यंत ओढले. मग स्वतःच खांद्यांना धरून उचललं, पण बेतानं. बेतानं उचललं की काहीच वर येत नाही.

"बसतंय की," त्या म्हणाल्या.

दुकानदारानं अनंतरावांकडे पाहिलं. अनंतरावांनी पंख्याकडे पाहिलं.

"आता एक बाईमाणसाचं द्या. सगळ्यात मोठं माप."

"कुणासाठी?" अनंतरावांनी विचारलं.

"विहीणबाईंसाठी."

"त्यांना माप विचारलंस?"

"मी पाहिलंय ना त्यांना."

सगळ्यात मोठं जॅकेट लालभडक निघालं. आनंदीताईंना ते मनापासून आवडलं. एवढ्या मोठ्या, एवढ्या लाल जॅकेटात तुळजाबाई काठावर उभ्या आहेत आणि चारचौघांत ते अंगावर झोळण्यासारखं लोंबतंय, हे चित्र त्यांनी दुकानातच बघून घेतलं. तरीही काखेची कड त्यांनी तपासलीच. दिलेली वस्तू वाईट निघाली तर नाव आपलं जातं.

रविवारी पाण्याकाठी पोचल्यावर तुळजाबाईंनी सगळी जॅकेटं चटईवर ओळीनं मांडली आणि प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट लावलं. नवी वस्तू त्यांच्याकडे अशीच अंगाला लागायची.

"मला बी आणलंय व्हय?" लाल जॅकेट उचलून त्या म्हणाल्या. "आवं विहीणबाई, मी कधी बसलेच न्हाय बोटीत. ती पहिली जाकिटं माझ्या अंगावर मिटतच नव्हती. सगळी बसायची अन् मी काठावर भाकऱ्या राखायची."

त्यांनी जॅकेट नऊवारीवर चढवलं. आनंदीताई बघत राहिल्या. चेन मिटली. पट्टे लागले. तुळजाबाईंनी उखळात कांडल्यासारखे हात वरखाली करून पाहिले, खाली वाकून पाहिलं, चटईवर मांडी घालून पाहिलं. कुठे लोंबलं नाही, कुठे काचलं नाही.

"मच्छिंद्रा, बघ की. शिवून घेतल्यावानी बसलंय. मला पोलकं बी असं बसत न्हाय. विहीणबाई, लई नजर हाय तुमची."

"हो, आनंदीनं विचार करूनच घेतलंय," अनंतराव म्हणाले. आनंदीताईंनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

एव्हाना संस्कृती तिचं नवं जॅकेट घालून केयूरबरोबर उथळ पाण्यात उतरली होती. ती गुडघाभर पाण्यात उभी होती, तोवर सगळं ठीक होतं. मग ती पाण्यात बसली. पट्टे सगळे ओढलेले होते, तरी जॅकेट तिला सोडून वर आलं. हनुवटी आत गेली, तोंड आत गेलं, कान झाकले. वर नुसते डोळे आणि दोन वेण्या.

"आजी, मी कासव," आतून आवाज आला.

सगळे हसले. केयूरनं फोन काढून फोटो घेतला. मच्छिंद्रनं बोटीचं इंजिन सुरू केलं आणि हाक मारली, "चला, बसा पटापटा."

आनंदीताई साडी वर धरून पाण्यात शिरल्या. संस्कृतीला उभं करून त्यांनी खांद्यांच्या पट्ट्यांना धरून जॅकेट वर ओढलं, या वेळी जोर लावून. नुसतं जॅकेट हातात आलं. पोर होती तिथेच होती.

त्यांच्याशिवाय कुणीही ते पाहिलं नव्हतं. काही न बोलता बोटीत बसता आलं असतं. मी तिच्या शेजारीच बसेन, त्यांच्या मनात आलं, हात धरून ठेवेन, बोट काही उलटत नाही. काठावरच्या शेडच्या खुंटीवर ते जुनं नारिंगी जॅकेट टांगलेलं होतं. त्यांनी तिकडे एकदा पाहिलं आणि संस्कृतीच्या गळ्याशी चेन धरली.

"हे काढ. ते नारिंगी घाल."

"नको. मला हेच हवं," संस्कृती म्हणाली. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "मला बोटवाल्या आजीचं नको. मला घरच्या आजीचं हवं."

हे वाक्य ऐकण्यासाठी आनंदीताईंनी अख्खा उन्हाळा काढला होता. ते तुळजाबाईंच्या समोर, त्यांच्याच बोटीपाशी ऐकायला मिळालं. तुळजाबाईंचा चेहरा जरा उतरला, तोही त्यांनी पाहिला. पण त्या पाहण्यात काही चव राहिली नव्हती.

"आवं, घालू द्या की," तुळजाबाई म्हणाल्या. "पोर रडंल."

"रडू दे. हे पाण्यात वर येतं. माझं माप चुकलं."

पेंडशांच्या घरात हे वाक्य यापूर्वी कुणी ऐकलेलं नव्हतं. अनंतरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. केयूरनं मुकाट्यानं नारिंगी जॅकेट आणून दिलं. रडणाऱ्या नातीच्या अंगात ते चढवताना आनंदीताईंनी सवयीनं गळा उलटा करून पाहिला. आत मऊ जुनेराची पट्टी होती. बारीक, एकसारखा टाका. दोष काढायला एक धागासुद्धा सैल नव्हता. त्यांनी पट्ट्यांना धरून उचललं. जॅकेटाबरोबर संस्कृतीही वर आली, हुंदक्यांसकट.

बोटीत संस्कृती दोन्ही आज्यांवर रुसून पुढे बापाच्या मांडीवर जाऊन बसली. मागच्या बाकावर दोघी विहिणी उरल्या. बोट हलली तशी तुळजाबाईंनी आनंदीताईंचं मनगट गच्च धरलं.

"मला पाण्याचं लई भ्या वाटतं," त्या हळूच म्हणाल्या.

"मग बोट कशाला घेऊ दिलीत?"

"घेऊ दिली न्हाय, मीच मागं लागले मच्छिंद्राच्या. पोर लोणीला आली की दोन दिसांत म्हनायची, घरी जाऊ, आजीकडं जाऊ. तुमाला काय, तुमच्याकडं ती रोज असती. मला बोट घ्यावी लागली."

पाणी दोन्ही बाजूंनी मागे जात होतं. आपला कुणी हेवा करत होतं, आणि तेही एवढी बोट घेण्याइतका, हे आनंदीताईंनी मनातल्या मनात पुन्हा एकदा ऐकून पाहिलं. इतकं बरं त्यांना कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. त्याची जराशी लाज वाटली, पण जराशीच. मनगट त्यांनी सोडवून घेतलं नाही.

"गळ्याला लावलेलं कापड कसलं आहे?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"माझ्या जुन्या लुगड्याचं. का वो?"

"ते निळं जॅकेट तिला पुढे बसेल कधीतरी. तेव्हा त्यालाही लावा."

"लावीन की."

"बसतंय की नाही, ते मात्र मी बघेन," आनंदीताई म्हणाल्या, आणि तुळजाबाईंच्या लाल जॅकेटाचा सैल झालेला एक पट्टा त्यांनी ओढून नीट केला.